आधी भाव, मग स्क्रू

बंद पडलेला जुना डिजिटल कॅमेरा दुरुस्त करावा की विकून टाकावा, असं कुणी विचारलं की मी उलट प्रश्न करतो : हेच मॉडेल चालू स्थितीत, सेकंडहँड, आज कितीला मिळतं? याचं उत्तर सहसा येत नाही. कॅमेरा नवा घेतला तेव्हाची किंमत लोकांना पाठ असते. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडाही लक्षात असतो. पण तो आकडा महाग की स्वस्त हे ज्याच्याशी ताडून बघायचं, ती आजची बाजारकिंमत कुणी काढलेलीच नसते. ती हाती नसताना कॅमेरा काउंटरवर ठेवला, तर निर्णय काउंटरपलीकडचा माणूस घेतो.

माझा स्वतःचा, बोरिवलीच्या मेहुण्याचा आणि घाटकोपरच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा, अशी तीन कॅमेऱ्यांची प्रकरणं मी जवळून पाहिली. एक बंद स्थितीतच विकला गेला, एक दुरुस्त होऊन घरी राहिला आणि एक दुरुस्त करून मग विकला. तिघांनी हिशेब एकच मांडला होता, उत्तरं मात्र वेगळी आली. तो हिशेब कसा मांडायचा आणि तो कोण कसा बिघडवू शकतं, ते सांगतो.

मुलुंडचा डी-९०

मी मुलुंड पूर्वेला राहतो. थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीकाठी पक्षी टिपायला जायचं, हा आमच्या तीन-चार जणांचा जुना शिरस्ता. माझ्याकडे निकॉनचा डी-९०. निकॉनने तो ऑगस्ट २००८मध्ये जाहीर केला, १२.३ मेगापिक्सेलचा, आणि व्हिडिओ घेऊ शकणारा जगातला पहिला डीएसएलआर. आजच्या मानाने तो म्हाताराच. पण त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, आणि माझी ५० एमएमची एफ १.८ डी लेन्स त्या मोटरशिवाय आपोआप फोकस करत नाही. डी-३१०० किंवा डी-५१०० या नंतरच्या बॉड्यांमध्ये ही मोटर नाही. त्यामुळे ‘कुठलीही नवी बॉडी घेऊन टाक’ हा सल्ला मला लागू पडत नव्हता.

एका पावसाळ्याच्या शेवटी शटर अडकलं. वरच्या छोट्या पडद्यावर ‘एरर’ लुकलुकायला लागलं, आरसा अर्ध्यात थांबला. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, असं कळलं. म्हणून फोर्टात, बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने लक्षणं ऐकून सांगितलं, शटर युनिट बदलायला साडेसहा हजार, बघून नक्की सांगतो. चालू डी-९०ची नुसती बॉडी त्या वेळी दहा हजारांच्या आसपास मिळत होती. बंद बॉडीला पार्टसाठी बावीसशेपर्यंत देणारे होते.

मांडा हिशेब. दहा हजारांतून बावीसशे वजा केले की सात हजार आठशे उरतात. बंद कॅमेरा विकून तसाच चालू घ्यायचा तर खिशातून एवढे जाणार. दुरुस्ती त्याहून तेराशे रुपयांनी स्वस्त, शिवाय शटर नवं आणि बाकीच्या कॅमेऱ्याचा इतिहास मला ठाऊक. दुरुस्तीचं पारडं जड होतं.

फोर्टला जाण्याआधी उपनगरातल्याच, स्टेशनजवळच्या एका दुकानात दुसरं मत घ्यावं म्हणून कॅमेरा दिला. पावतीवर ‘फक्त एस्टिमेट’ असं लिहून घेतलं. परत घ्यायला गेलो तेव्हा ग्रिपचं रबर वेडंवाकडं चिकटवलेलं, तळाचा एक स्क्रू गायब, आणि वर निदान : “मदरबोर्ड गेलाय.” न विचारता खोललं होतं. तोच कॅमेरा बोरा बाजारात नेला, तर दुरुस्तीवाल्याने तो हातात घेऊन उलटा केला आणि आत न बघताच म्हणाला, “साहेब, हा खोललेला पीस आहे.” मदरबोर्ड ठणठणीत होता. मात्र खोलताना आतली एक फ्लेक्स पट्टी फाटली होती. साडेसहाचे साडेआठ हजार झाले. आणि पार्टसाठी घेणाऱ्याने बावीसशेचे बाराशे केले, कारण खोललेल्या बॉडीत काय उरलंय याची त्याला खात्री नाही.

आता नवा हिशेब : दहा हजार वजा बाराशे, म्हणजे आठ हजार आठशे, आणि दुरुस्ती साडेआठ हजार. तेराशेचा फायदा तीनशेवर आला. एका स्क्रू ड्रायव्हरने प्रश्नाचं उत्तरच बदललं होतं. मग मी जरा वर बघितलं. निकॉनचा डी-७०००, २०१०चा, बॉडीत मोटर असलेला, फोकसचे ११ऐवजी ३९ बिंदू, सेकंदाला साडेचारऐवजी सहा फ्रेम, शटरची चाचणी एक लाखाऐवजी दीड लाखांची. तीन महिन्यांच्या लेखी हमीसह चौदा हजारांना मिळत होता. जुन्याचे बाराशे वजा केले तर दुरुस्तीपेक्षा त्रेचाळीसशे जास्त. उडत्या पक्ष्यांसाठी तो फरक मला पटला. डी-९०ची बॉडी मी पार्टसाठी विकली, लेन्सा ठेवल्या. त्याच्या बॅटऱ्या डी-७०००ला चालत नाहीत. पण त्याच बॅटऱ्या डी-८०, डी-२००, डी-३०० आणि डी-७०० यांना लागतात, म्हणून त्या वेगळ्या विकल्या गेल्या.

उपनगरातल्या त्या दुकानदाराशी वाद झाला. पण पावतीवर ‘फक्त एस्टिमेट’ असल्यामुळे तो फार लांबला नाही. हजार रुपये भरून दिले त्याने. त्या दोन शब्दांनी जे काम केलं ते माझ्या आवाजाने झालं नसतं.

बोरिवलीचा पॉवरशॉट आणि घाटकोपरचा सिक्स-डी

मेहुण्याकडे कॅननचा जुना पॉवरशॉट. गोराईच्या किनाऱ्यावर वाळूत पडला आणि लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली. पडद्यावर लेन्सच्या चुकीचा संदेश. “भाऊजी, एवढ्याशा डबीवर कोण खर्च करणार? भंगारवाल्याला देतो,” तो म्हणाला. पाच वर्षांपूर्वी मीही हो म्हटलं असतं. पण गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या मुलामुलींना या जुन्या सीसीडी सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. फोनपेक्षा वेगळे रंग येतात, फ्लॅश मारलेला फोटो ‘जुना’ दिसतो, हेच त्यांना हवं असतं. तसा चालू कॅमेरा तीन हजारांच्या आसपास विकला जात होता, बंद असलेल्याला कुणी दोनशेच्या वर देईना. म्हणजे चालू आणि बंद यांच्यात अठ्ठावीसशेचं अंतर. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, वाळू साफ करून बघतो, जमलं तर आठशे, नाही जमलं तर काही नको. लेन्स युनिट बदलायची वेळ आली तर मात्र नाद सोडा. साफसफाईवर भागलं. आता तो कॅमेरा माझ्या भाचीच्या बॅगेत असतो.

घाटकोपरचा मुलगा लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याचा कॅननचा सिक्स-डी, २०१२चा फुलफ्रेम, नेमका तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होताना बसला. दुरुस्ती चौदा हजार. चालू बॉडी तीस हजार, बंद नऊ हजार; अंतर एकवीस हजार. कागदावर दुरुस्ती बरोबर, पण त्याला कॅमेरा परवा हवा होता. घाटकोपर-अंधेरी मेट्रो पकडून तो गेला आणि अंधेरीतून बॉडी भाड्याने घेतली; सिनेमा-मालिकांच्या धंद्यामुळे तिथे भाड्याने सामान देणाऱ्यांची वाण नाही. हंगाम त्याने त्यावर आणि नंतर दुरुस्त झालेल्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढला. मार्गशीर्ष संपल्यावर दुरुस्तीचं बिल दाखवून सिक्स-डी चालू स्थितीत विकला. “काका, बंद विकला असता तर नऊवरच भागवावं लागलं असतं,” तो म्हणाला. धंदेवाल्याने यात भाड्याचे दिवसही मोजायला हवेत. हौशी माणसाला ती घाई नसते, आणि घाई नसणं हाच त्याचा मोठा फायदा.

हिशेबाचा नियम

तिन्ही प्रकरणांत एकच आकडा कामाला आला : चालूचा भाव वजा बंदचा भाव. त्याला आपण अंतर म्हणू. कॅमेरा स्वतःसाठी ठेवायचा असेल, तर दुरुस्ती अंतराच्या आत बसली पाहिजे. दुरुस्त करून विकायचा असेल, तर ती अंतराच्या दोन तृतीयांशाच्या आत असावी. कारण दुरुस्ती फसण्याचा धोका, गिऱ्हाइकाची घासाघीस आणि तुमची धावपळ हे सगळं उरलेल्या एक तृतीयांशातून निघायचं असतं. दुरुस्ती अंतरापलीकडे गेली की भावना बाजूला ठेवून बंद स्थितीत विकावा.

भाव काढताना लोक जाहिरातीत मागितलेली किंमत धरतात. ती फसवी. जी जाहिरात महिनाभर तशीच पडून आहे, तिचा भाव कुणाला पटलेला नाही एवढंच ती सांगते. दोन-तीन सेकंडहँड दुकानांना फोन करून ‘चालू असेल तर तुम्ही कितीला विकाल’ आणि ‘बंद असेल तर कितीला घ्याल’ हे दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. दुकानदार मात्र सरळ सांगतो. त्याला बंद बॉड्या लागतातच. जगभरात डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री २०१०मध्ये बारा कोटींवर होती आणि २०२३मध्ये ती ऐंशी लाखांच्याही खाली आली. जुन्या मॉडेलचे नवे पार्ट सहसा कुणी बनवत नाही. मग जुन्या कॅमेऱ्याचं शटर, पडदा, फ्लेक्स कुठून येणार? दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून. तुमचा बंद कॅमेरा म्हणजे कुणाच्या तरी दुरुस्तीचं सामान आहे, म्हणून तो न खोललेला असताना त्याला भाव असतो.

आणि बॉडी व लेन्स यांचा हिशेब कधीही एकत्र करू नका. बॉडी उतरत जाते, चांगली लेन्स टिकते. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून आहे. माझी ७०-३०० एमएमची एएफ-एस लेन्स डी-९०वर चालत होती, डी-७०००वर चालते, आणि उद्या मिररलेस झेड कॅमेरा घेतला तर एफटीझेड अडॉप्टर लावून ऑटोफोकससह चालेल. ५० एमएमची डी लेन्स मात्र त्या अडॉप्टरवर हाताने फोकस करावी लागेल. ‘सगळा सेट मिळून इतके देतो’ असं म्हणणारा दुकानदार बॉडीच्या नावाने लेन्स स्वस्तात नेत असतो.

आधी घरी बघा

दुकानाचं तोंड पाहण्याआधी पुढच्या गोष्टी कराव्यात. यातल्या एकीलाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

कॅमेरा सुरूच होत नसेल तर दुसऱ्याची चांगली बॅटरी घालून बघा. जुन्या लिथियम बॅटऱ्या चार्ज पूर्ण दाखवतात आणि भार आला की कोसळतात. बॅटरीच्या खणाचं दार नीट लागतंय ना, ते पाहा; दार उघडं वाटलं तर बरेच कॅमेरे सुरू होत नाहीत. बॅटरी फुगलेली असेल तर ती पुन्हा चार्ज करू नका, खणात जबरदस्तीने घुसवूही नका.

तारीख-वेळ पुन्हा पुन्हा पुसली जात असेल तर तो मोठा बिघाड नव्हे. आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी उतरलेली असते. डी-९०सारख्या कॅमेऱ्यात चार्ज केलेली मुख्य बॅटरी दोन दिवस आत ठेवली की ती भरते. एवढ्यासाठी ‘बोर्ड बघावा लागेल’ असं सांगणारे भेटतात.

एरर येत असेल तर लेन्स काढून, दुसरी लावून आणि लेन्सशिवायही शटर दाबून बघा. लेन्स बदलल्यावर एरर गेला तर बॉडी निर्दोष. सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा. कार्डही बदलून पाहा. जुन्या सीएफ कार्डाच्या कॅमेऱ्यात टॉर्च मारून खाचेतल्या पिना वाकल्यात का ते बघा. वाकल्या असतील तर कार्ड ढकलू नका.

जुने फोटो पडद्यावर नीट दिसतात, पण नवा फोटो काळा, जांभळा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा येतो? मग सेन्सरकडे बोट जातं. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरांत २००५मध्ये असाच दोष निघाला होता. उष्ण आणि दमट हवेत त्यांचे आतले बारीक जोड सुटत होते, आणि ते सेन्सर वापरणाऱ्या अनेक कंपन्यांनी तेव्हा कॅमेरे फुकट दुरुस्त करून दिले. ती सवलत केव्हाच संपली. आपल्या हवेत राहिलेल्या त्या काळच्या कॅमेऱ्यात ही लक्षणं दिसली तर दुरुस्तीचा विचार सोडा.

कॅमेरा पाण्यात पडला असेल तर आधी बॅटरी काढा, कार्ड काढा, आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने आतलं मीठ निघत नाही. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी असेल तर दुरुस्त झालेला कॅमेराही काही महिन्यांत गंजून पुन्हा बसतो. तिथे कुठलीही दुरुस्ती अंतराच्या अर्ध्याच्या वर गेली तर नको म्हणा. गोडं पाणी असेल आणि लगेच बॅटरी काढली असेल तर आशा असते.

आणि कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी फ्लॅश असलेला कॅमेरा घरी खोलू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ राहतो. शिवाय, खोललेल्या पीसचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

मुंबईची बुरशी

आपल्याकडचा खास रोग म्हणजे लेन्समधलं फंगस. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांपुढे जाते, आणि बंद कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये लेन्स चार महिने पडून राहते. चामडं ओल धरतं, बुरशीला हवं ते सगळं मिळतं. लेन्स डोळ्यासमोर धरून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजा.

फंगस पुढच्या किंवा मागच्या भिंगावर असेल तर साफ होतं. दोन भिंगं जिथे चिकटवलेली असतात त्या जोडात शिरलं असेल तर नाही. फार दिवस राहिलं तर काचेवरचा थर खाऊन टाकतं, मग साफ केल्यावरही डाग उरतो. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी किट झूम असेल तर साफसफाईच्या पैशांत दुसरी मिळते. महागडी लेन्स असेल तर पहिला धागा दिसताच साफ करून घ्यावी. राखायचं तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे. निळं जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं. लेन्सा जास्त असतील तर ड्राय कॅबिनेट घ्यावं आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवावी.

दुरुस्तीला देताना

फोनवर पहिला प्रश्न : पार्ट मिळतो का, आणि तो नवा की दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेला? काढलेला पार्ट वाईट असतोच असं नाही, पण त्याचा भाव नव्याचा नसावा.

पावती छापील असो वा हाताने लिहिलेली, तिच्यावर चार गोष्टी हव्यात : बॉडीचा सीरियल नंबर, सोबत दिलेलं सामान, तक्रार, आणि ‘विचारल्याशिवाय उघडू नये’. एस्टिमेटचे पैसे लागतात का, दुरुस्ती नाकारली तर ते किती, हे आधीच ठरवा. कॅमेरा देण्याआधी चारही बाजूंचे आणि तळाच्या स्क्रूंचे फोनवर फोटो काढा. लेन्स, कार्ड, पट्टा घरी ठेवा; शटरच्या दुरुस्तीला त्यांची गरज नाही. काम झाल्यावर काढलेला पार्ट मागून घ्या, आणि हमी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या. बिल घेतलं तर जीएसटी लागेल म्हणून लोक टाळतात. पण विकताना दुरुस्तीचं बिल दाखवलं की भाव सुधारतो, घाटकोपरच्या मुलाने तेच केलं.

तरीही कुणी कॅमेऱ्याचं वाटोळं केलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दुरुस्तीलाही लागू आहे. ती सेवाच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. उपनगरांसाठीचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून याच कामात आहे आणि तक्रार कशी लिहावी याचं मार्गदर्शन करते. पण आठ-दहा हजारांच्या कॅमेऱ्यासाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. नीट लिहिलेली पावती समोर धरली की बहुतेक दुकानदार तिथल्या तिथे मिटवतात.

विकताना

बंद कॅमेरा ‘चेक केला नाही’ म्हणून विकू नका. बिघाड सरळ लिहा : शटर अडकलंय, न खोललेला आहे, सेन्सर स्वच्छ, पडदा चालू. पार्टसाठी घेणाऱ्याला चालू भागांचीच यादी हवी असते आणि तिच्यावरच तो भाव देतो.

शटर काउंट सांगता आला तर उत्तम. निकॉनमध्ये तो कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये असतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या किंवा एडिट केलेल्या फोटोत तो सहसा उरत नाही. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये लिहिला जात नाही. हेच ज्ञान सेकंडहँड घेतानाही कामी येतं : मूळ फाइल मागा. कंपनीने सांगितलेला एक लाखाचा आकडा चाचणीचा आहे. सत्तर हजारांवर बसलेली शटरं आहेत आणि दोन लाखांवर चालणारीही आहेत. काउंट बघून भाव पाडावा, कॅमेरा नाकारू नये.

कार्ड कधीच देऊ नका. फॉरमॅट केलेल्या कार्डातूनही फोटो परत निघतात. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत थोडी आतली मेमरी असते, ती विसरली जाते आणि घरचे फोटो परक्याच्या हाती जातात. वाय-फाय असेल तर सगळ्या सेटिंग पुसा.

ऑनलाइन गिऱ्हाईक असेल तर भेट स्टेशनवर किंवा मेट्रोच्या गर्दीत ठरवा. ‘मी लष्करात आहे, पैसे आधी पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असं म्हणणारा चोर असतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे तुमचे जाणार. गेलेच तर ताबडतोब १९३०. विकल्याची चिठ्ठी करा, तिच्यावर सीरियल नंबर आणि दोघांच्या सह्या. तुम्ही घेणारे असाल तर मूळ बिल किंवा बॉक्सवरचा नंबर बघा, कारण चोरीचा माल घेतल्याचा त्रास घेणाऱ्यालाही होतो.

ज्याला पार्टसाठीही भाव नाही तो ई-कचरा. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत; अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्या. बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती कचऱ्याच्या गाडीत पेट घेऊ शकते.

ठेवून देणं

दुरुस्ती आणि विक्री यांच्या मधला एक मार्ग घरोघरी चालतो : ‘बघू नंतर’ म्हणून कपाटात. तिन्हींत हाच महाग. प्रत्येक पावसाळ्यात लेन्सला बुरशीची आणखी एक संधी मिळते, आत राहिलेली बॅटरी फुगते, आणि मॉडेल जितकं जुनं होतं तितका चालूचा भाव खाली येतो. चालूचा भाव उतरला की अंतर आक्रसतं, आणि आज परवडणारी दुरुस्ती पुढच्या वर्षी परवडत नाही. मेहुण्याच्या पॉवरशॉटसारखा एखादा प्रकार उलटा वर जातो, पण तो अपवाद आहे, त्याच्या भरवशावर राहू नये.

म्हणून कॅमेरा बंद पडला की एका शनिवारी, फोर्टातली दुकानं उघडी असताना, कॅमेरा घरी ठेवूनच तीन फोन करा : चालूचा भाव, बंदचा भाव, दुरुस्तीचा अंदाज. तिन्ही आकडे एका कागदावर लिहा. अंतरात बसत असेल तर सोमवारी गाडी पकडा, बसत नसेल तर त्याच संध्याकाळी बॉडीची जाहिरात टाका. लेन्स मात्र दोन्ही वेळी घरीच राहू द्या.